जंगलातल्या नदीचं वाहतं पाणी न उकळता प्यावं का?

"जंगलातलं वाहतं, थंड, नितळ पाणी थेट ओंजळीनं प्यायलं तरी चालतं," असं कनूतून (वल्ह्यांच्या अरुंद होडीतून) नदी उतरणाऱ्यांना वर्षानुवर्षं सांगितलं जातं. तळाचे गोटे दिसतात, आसपास वस्ती नसते, त्यामुळे विश्वास बसणं साहजिक आहे.

पण कॅनडातल्या ओंटारियोच्या जंगलात त्याच पाण्यात बीव्हर, म्हणजे झाडं कुरतडून बांध घालणारे उंदरांच्या गटातले मोठे प्राणी, राहतात. त्यांच्या आणि इतर प्राण्यांच्या विष्ठेतून जिआर्डिया हा परजीवी नदीत उतरतो. त्याची पुटी, म्हणजे कवचातलं सुप्त रूप, जेमतेम 8 ते 12 मायक्रॉनची (1 मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), नुसत्या डोळ्यांना न दिसणारी. गार पाण्यात ती मरत नाही, उलट जास्त दिवस टिकते. प्रवाह तिला फक्त खाली आणतो. जुलाब आणि पोटात मुरडा सहसा 1 ते 3 आठवड्यांनी सुरू होतो, तोवर माणूस घरी परतलेला असतो आणि नदीवर संशयच जात नाही.

रंगावरूनही काही ठरवू नका. तिथल्या कित्येक नद्या चहासारख्या तपकिरी असतात, तो दलदलीतल्या पानापाचोळ्याचा अर्क.

काठावर टोकदार कुरतडलेले बुंधे दिसले, तर बीव्हर जवळच आहेत. न दिसले तरी तंबूपाशी पाणी 1 मिनिट खळखळून उकळाच. फिल्टर घेताना वेष्टनावर 'ॲब्सोल्यूट 1 मायक्रॉन' (म्हणजे 1 मायक्रॉनहून मोठं काही आरपार जाऊ न देणारा) किंवा त्याहून बारीक असं लिहिलंय ना, ते वाचा.