घोडा आवरणे आणि घोडा सावरणे

मराठीत 'आवर' आणि 'सावर' हे शब्द इतके जोडीने येतात की खोगिरावर बसलेला नवखा स्वारही दोन्ही क्रिया एकच समजतो. घोडा आवरणे म्हणजे सुटलेला वेग लगामाने, अर्थात तोंडाकडून, रोखणे. घोडा सावरणे म्हणजे वेग न मोडता त्याचा भार पुढच्या पायांवरून मागच्या पायांकडे नेणे, जेणेकरून तोच जोर नव्या दिशेला वळवता येईल. इंदूरच्या वेशीबाहेर, जिथे घोडेस्वारी शिकवली जाते, तिथे हल्ली मुले अमेरिकेतल्या बॅरल रेसिंगच्या चित्रफिती पाहून तेलाची तीन रिकामी पिंपे मांडतात आणि पहिल्याच महिन्यात घोडा भरधाव सोडू पाहतात. त्यांना आवरणे थोडेफार आलेले असते. सावरणे म्हणून काही वेगळे असते, याची मात्र कल्पना नसते.

या खेळात तीन पिंपे त्रिकोणात उभी असतात. प्रमाण मांडणीत पहिल्या दोन पिंपांत ९० फूट, आणि त्या दोन्हींपासून तिसऱ्यापर्यंत १०५ फूट अंतर असते. स्वार प्रत्येक पिंपाला वळसा घालून तीन पाकळ्यांची आकृती पुरी करतो आणि सरळ परत धावतो. निष्णात स्वार हे सारे साधारण १७ सेकंदांत उरकतात, तर एक पिंप पडले की वेळेत ५ सेकंदांची भर पडते. म्हणजे खरी परीक्षा सरळ धावेत नसून वळणाच्या आधीच्या तीन-चार ढांगांत असते.

तिथे नेमके काय होते ते जवळून पाहू. उभ्या घोड्याचा साधारण साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो. पिंप जवळ येताच घाबरलेला स्वार पुढे झुकतो, टाचा वर उचलतो आणि आतल्या बाजूचा लगाम खेचतो. तोंडातले कडियाळे पुढचे दात आणि दाढा यांच्या मधल्या बिनदातांच्या हिरडीवर दाबते. घोडा मान वर करतो, पाठ पोकळ करतो, आणि मान आत वळली तरी त्याचा आतला खांदा पिंपाकडे कलंडतो. पिंप पडते ते बहुधा या खांद्याने किंवा स्वाराच्या गुडघ्याने. स्वाराला वाटते, आपण घोडा आवरला. प्रत्यक्षात त्याने तो पिंपावर ढकललेला असतो.

सावरणारा स्वार हीच गोष्ट आधी आणि खालून सुरू करतो. तो श्वास सोडून खोगिरात खोल बसतो, कंबर क्षणभर घोड्याच्या लयीमागे राहू देतो, आतल्या पायाने बरगड्यांना आधार देतो आणि बाहेरचा लगाम न खेचता नुसता धरून ठेवतो. ढांग आखूड होते, मागचे पाय पोटाखाली येतात. वळणात शिरताना पिंपापासून चार-पाच फूट जागा सोडलेली असते, आणि नजर पिंपावर नसून पुढे जिथे जायचे तिथे असते.

यात आपल्याकडची एक अडचण आहे. अमेरिकन खोगिराला पुढे शिंग असते, आणि वळणात स्वार एका हाताने त्यावर जोर देऊन स्वतःला आसनात ठेवतो. आपल्याकडच्या नेहमीच्या खोगिराला ते नसल्यामुळे ज्याची मांड पक्की नाही, तो लगामालाच लोंबकळतो. मी ज्या घोडीवर शिकलो ती पूर्वी वरातीत उभी राहत असे. तोंडापाशी सतत कुणीतरी धरलेले असण्याची तिला इतकी सवय की लगाम ताणला की ती त्यावरच रेलायची. एका घाईच्या शिक्षकाने मला दुसऱ्या आठवड्यात तिच्यावर चौखूर धावायला लावले आणि मी पिंपासह आडवा झालो. पुढच्या उस्तादांनी रिकिबी काढून घेतल्या, लांब दोरीवर वर्तुळात महिनाभर फक्त चाल आणि दुडकी करवली. तेव्हा ती शिक्षा वाटली होती.

२०२३ साली हांगझोऊच्या आशियाई खेळांत भारताने ड्रेसाजचे, म्हणजे घोड्याकडून ठरावीक हालचाली अचूक करवून घेण्याच्या स्पर्धेचे, पहिले सांघिक सुवर्ण जिंकले आणि त्या संघात इंदूरची सुदीप्ती हजेला होती. तेव्हा ओळखीच्या अनेकांनी विचारले, 'घोडा नुसता चालतोय, यात जिंकण्यासारखे काय?' त्या संथ चालीत दिसत होते ते सावरणेच. ड्रेसाजवाले त्याला हाफ-हॉल्ट म्हणतात, बॅरल रेसिंगचे घोडे तेच तीन ढांगांत करतात.

अर्थात आवरणे निरुपयोगी नव्हे. घोडा बिथरून उधळला तर आधी तेच लागते. मात्र ते चालीवर शिकून ठेवावे, कारण भरधाव वेगात एक लगाम झटक्याने ओढला तर घोडा तोल जाऊन कोसळू शकतो. अशा वेळी वर्तुळ मोठे घेत घेत हळूहळू लहान करावे लागते.

पिंपांशी वेग कधी वाढवावा, याची माझी कसोटी साधी आहे. दुडकीवर पिंपाकडे जावे, लगाम सैल ठेवावा आणि फक्त श्वास सोडून खोल बसावे. घोड्याने आपणहून ढांग आखूड केली, आणि असे दोन्ही बाजूंना, तिन्ही पिंपांवर सलग घडले, तर वेग वाढवायला हरकत नाही. एकदाही हात मागे गेला, तर पुन्हा चालीवर.