कळांची आठवण आणि पुढचं बाळंतपण

बाळाचं तोंड पाहिलं की बाई कळा विसरते, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. स्वीडनमध्ये संशोधक उल्ला वाल्डेनस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेराशेहून अधिक बायकांना बाळंतपणानंतर दोन महिन्यांनी, वर्षाने आणि पाच वर्षांनी विचारलं, कळा किती तीव्र होत्या? २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच वर्षांत जवळपास निम्म्या जणींची आठवण सौम्य झाली होती, साधारण तिसऱ्या हिश्श्याची तशीच होती आणि सहातल्या एकीला त्या कळा आता जास्तच वाटत होत्या. बाळंतपण एकूण चांगलं गेलं असं म्हणणाऱ्यांची आठवण सौम्य झाली. वाईट गेलं म्हणणाऱ्यांची झाली नाही.

चक्रावून टाकणारी गोष्ट एपिड्यूरलची. पाठीतून भूल घेतलेल्या बायकांना वेदना इतरांपेक्षा जास्त आठवत होत्या! मुळात ज्यांच्या कळा असह्य, त्याच भूल मागतात, हे एक कारण असू शकतं. पण आठवणीची रीतही वेगळी आहे. डॉक्टर डोनाल्ड रेडेलमायर आणि मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी १९९६ मध्ये कोलोनोस्कोपीच्या (मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीने केलेल्या तपासणीच्या) रुग्णांवर दाखवून दिलं, की त्रास किती वेळ चालला याची मन फारशी नोंद ठेवत नाही. सर्वांत वाईट क्षण आणि शेवट तेवढे लक्षात राहतात. सुई टोचण्याआधीची ती एक जीवघेणी कळ पुढच्या सुखाच्या तासांनी पुसली जात नाही.

याचे परिणाम पुढच्या निर्णयांवर होतात. स्वीडनच्याच आणखी एका अभ्यासात पहिलं बाळंतपण वाईट गेलेल्या बायकांपैकी ३८ टक्के जणींना पुढच्या आठ-दहा वर्षांत दुसरं मूल झालं नाही. बाकीच्यांत हे प्रमाण १७ टक्के होतं. झालं तेही उशिरा, २.४ ऐवजी ४.२ वर्षांच्या अंतराने. काही जणी दुसऱ्या खेपेला थेट सिझेरियन मागतात. अशा बाईला ‘नाजूक’ म्हणून हिणवणं मला क्रूर वाटतं. तिची भीती अनुभवातून आलेली असते.

आणि अनुभव निव्वळ कळांचा नसतो. कॅनडाच्या संशोधक एलन हॉडनेट यांनी २००२ मध्ये अनेक अभ्यास तपासले. समाधान ठरवण्यात वेदनेपेक्षा वजनदार ठरल्या त्या बाईच्या अपेक्षा, मिळालेला आधार, डॉक्टर-नर्सशी जुळलेलं नातं आणि निर्णयात तिला मिळालेला वाटा. लेबर रूममध्ये ओरडून गप्प केलेली बाई ते विसरेल कशी? स्वीडनमध्ये अशा भीतीसाठी सुईणींची वेगळी समुपदेशन केंद्रं आहेत. आपल्याकडे केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला मान्यता दिली. तुमच्या दवाखान्यात आईला, बहिणीला किंवा जावेला आत येऊ देतात का, हे सातव्या महिन्यातच विचारून ठेवा; आणि मागच्या वेळी काय घडलं, तेही डॉक्टरांना आपणहून सांगा.