घरच्या पिण्याच्या पाण्याची तपासणी: अर्ज, कागदपत्रे आणि नमुना

पाणी तपासायला निघालेला माणूस बहुधा घरातली एखादी रिकामी बाटली विसळतो, नळाखाली भरतो आणि प्रयोगशाळेच्या खिडकीवर ठेवून म्हणतो, "पाणी चांगलं आहे का, तेवढं बघून सांगा." बाटली तिथूनच परत येते, कारण जंतू तपासायचे तर ती निर्जंतुक हवी. मागणीही तशीच अर्धवट राहते, कारण "चांगलं" नावाची कोणतीच चाचणी नसते. आपण जे विचारतो तेवढेच प्रयोगशाळा तपासते. म्हणून अर्जातला एक रकाना बाकी सगळ्यांपेक्षा जपून भरायचा: कोणत्या चाचण्या हव्यात.

अर्ज कोणी करायचा

पात्रतेची अट जवळजवळ नाहीच. जो ते पाणी पितो तो अर्ज करू शकतो. घर स्वतःचे असो की भाड्याचे, त्याने सहसा फरक पडत नाही. पाहायचे ते एवढेच की तपासणीची जबाबदारी आधी कोणाची आहे.

नळाला सार्वजनिक योजनेचे पाणी येत असेल तर ते नियमित तपासणे हे पुरवठा करणाऱ्याचे काम आहे. पहिला अर्ज त्याच्याकडे करावा आणि आपल्या भागाचा ताजा तपासणी अहवाल मागावा. पण तो अहवाल मुख्य जलवाहिनीबद्दल बोलतो. इमारतीची टाकी, गच्चीवरची टाकी आणि भिंतीतली जुनी नळी यांचा त्यात पत्ता नसतो, तो भाग आपला.

विहीर किंवा बोअर स्वतःची असेल तर जगात बहुतेक ठिकाणी तपासून घेणे मालकावरच येते. अमेरिकेचा 1974 चा सुरक्षित पेयजल कायदा खासगी विहिरींना लागू नाही. इंग्लंडमध्ये एकट्या घराच्या खासगी पुरवठ्याची तपासणी मालकाने किंवा राहणाऱ्याने मागणी केली की स्थानिक प्रशासन करते. भारतात जल जीवन मिशनच्या प्रयोगशाळा 2021 पासून सामान्य नागरिकांसाठी खुल्या आहेत आणि गावपातळीवर तपासणी संचही दिले जातात. खासगी प्रयोगशाळा निवडायची असेल तर तिच्याकडे आयएसओ 17025 ची, म्हणजे प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाची, मान्यता आहे का, हे विचारा. त्यापुढे आणखी एक प्रश्न: ही मान्यता आपल्याला हव्या असलेल्या चाचणीसाठी आहे का? मान्यता चाचणीनिहाय मिळते आणि बरेच जण फलक पाहूनच समाधान मानतात.

कागदपत्रे

कागद थोडेच लागतात: भरलेला अर्ज, काही ठिकाणी ओळखपत्र किंवा पत्त्याचा पुरावा, आणि असेल तर मागच्या तपासणीचा अहवाल. खरा वेळ अर्जावर द्यावा. त्यात साधारणपणे पाण्याचा स्रोत, विहिरीची किंवा बोअरची खोली, नमुना नेमका कुठून घेतला (थेट नळ, टाकी की फिल्टरनंतर), पाण्यात क्लोरीन आहे का, नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ, घेणाऱ्याचे नाव आणि तपासणीचा उद्देश विचारतात. "फिल्टरनंतर" हा शब्द लिहायचा राहिला तर अहवाल फिल्टरचा येईल आणि आपण तो विहिरीचा समजून बसू.

उद्देशाच्या रकान्याकडेही लक्ष द्या. घरच्या माहितीसाठी आपण स्वतः नेलेला नमुना चालतो, पण मग अहवालावर "नमुना अर्जदाराने आणलेला" असा शेरा पडतो. परवाना, घरविक्री किंवा तक्रारीचा पुरावा म्हणून अहवाल हवा असेल तर नमुना प्रयोगशाळेच्या माणसानेच घेतलेला बरा. हे अर्ज करतानाच सांगायचे, नंतर शेरा बदलून मिळत नाही.

कोणत्या चाचण्या मागायच्या

सगळ्यात आधी जंतू. ई. कोलाय हा जिवाणू माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहतो, त्यामुळे तो पाण्यात सापडला म्हणजे विष्ठा कुठून तरी पाण्यापर्यंत पोचली आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा सरळ आहे: 100 मिलिलिटरमध्ये एकही नको.

त्यानंतर भूगर्भ आणि आसपासचा परिसर पाहून ठरवा. शेजारी खतांची शेती किंवा शोषखड्डा असेल तर नायट्रेट. खोल बोअर असेल तर फ्लोराईड, आणि ज्या भागात आर्सेनिक आढळले आहे तिथे आर्सेनिक. घर जुने असेल, नळजोडणीत शिसे असण्याची शंका असेल तर शिसे. शेजाऱ्याचा अहवाल आपल्या कामाचा नाही. बांगलादेशात लाखो हातपंप आर्सेनिकसाठी तपासून सुरक्षिताला हिरवा आणि धोक्याच्याला लाल रंग दिला गेला, तेव्हा हाकेच्या अंतरावरच्या दोन पंपांचे रंग वेगळे निघाले.

घरात टीडीएस मीटर असलेल्यांना कळकळीने सांगतो: तो आकडा पाण्यात एकूण किती क्षार विरघळले आहेत तेवढेच सांगतो. जंतू त्यात दिसत नाहीत आणि धोकादायक प्रमाणातले आर्सेनिकही दिसत नाही. तो हिरवा दिवा पाहून तपासणी टाळू नका.

नमुना घेणे

सर्वात जास्त चुका इथे होतात आणि त्या अहवालात दिसत नाहीत, म्हणून थोडे सविस्तर.

जंतूंच्या चाचणीसाठी प्रयोगशाळा निर्जंतुक बाटली देते. क्लोरीनच्या पाण्यासाठीच्या बाटलीच्या तळाशी चिमूटभर पांढरी पूड दिसते. ती घाण नाही, सोडियम थायोसल्फेट आहे. वाटेत पाण्यातल्या क्लोरीनने जंतू मारू नयेत म्हणून ते घातलेले असते. बाटली विसळली की पूड गेली. मग प्रयोगशाळेत पोचेपर्यंत क्लोरीन आपले काम करत राहते आणि दूषित पाणीही अहवालात स्वच्छ ठरते.

नळाला लावलेली रबरी नळी आणि जाळी काढा. तोंड आतून-बाहेरून स्पिरिटने पुसा, धातूचा नळ असेल तर ज्योतीने तापवला तरी चालते. दोन-तीन मिनिटे पाणी सोडा, मग धार बारीक करा. हात धुऊन टोपण उघडा आणि ते खाली न ठेवता त्याच हाताच्या बोटांत, तोंड जमिनीकडे करून धरा. टोपणाच्या आतल्या बाजूला किंवा बाटलीच्या गळ्याला बोट लागता कामा नये. खुणेपर्यंत भरा, वर थोडी हवा राहू द्या, लगेच बंद करा. बाटलीवर पाणी घेतल्याची जागा आणि वेळ लिहा, बर्फाच्या डब्यात ठेवा, पण गोठू देऊ नका. सहा तासांत पोचली तर उत्तम, 24 तासांनंतर पोचलेला नमुना चांगली प्रयोगशाळा घेत नाही.

आमचा पहिला नमुना असाच परत आला होता. शुक्रवारी संध्याकाळी घेतला, शनिवार-रविवार प्रयोगशाळा बंद. तेव्हापासून सोमवार ते बुधवारमध्येच नमुना घेतो आणि आदल्या दिवशी फोन करून विचारतो.

रासायनिक चाचणीचे नियम जवळजवळ उलटे आहेत. साधी बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून काठोकाठ भरायची. फ्लोराईडसाठी बाटली काचेची नको, प्लास्टिकची हवी. धातूंसाठीच्या बाटलीत कधी कधी आधीच थोडे आम्ल घातलेले असते, ते ओतून टाकू नये आणि हाताला लागू देऊ नये. शिशासाठी तर पाणी सोडून द्यायचेच नाही: रात्रभर, निदान सहा तास, नळ बंद ठेवून सकाळची पहिली धार बाटलीत घ्यायची आणि जाळीही काढायची नाही. नळीत साचून राहिलेल्या पाण्यातच शिसे उतरते. जंतूंच्या सवयीने कोणी आधी पाणी सोडले तर शिसे मोरीत जाते आणि अहवाल खोटा दिलासा देतो.

अहवाल वाचताना

जंतूंचा निकाल यायला निदान एक दिवस लागतो, कारण जिवाणू वाढवूनच मोजावे लागतात. धातू आणि इतर रसायनांना जास्त वेळ लागू शकतो. आकड्याशेजारी "1 पेक्षा कमी" किंवा "शोधमर्यादेखाली" असे असेल तर तो पदार्थ त्या पद्धतीने मोजण्याइतका सापडला नाही, असा त्याचा अर्थ.

नायट्रेटचा आकडा वाचताना एकक पाहा. काही प्रयोगशाळा तो नायट्रेट म्हणून देतात, काही त्यातल्या नायट्रोजनच्या रूपात. नायट्रोजन म्हणून 10 मिलिग्रॅम म्हणजे नायट्रेट म्हणून सुमारे 44. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा नायट्रेट म्हणून प्रतिलिटर 50 मिलिग्रॅम आहे. फ्लोराईडची 1.5, आर्सेनिक आणि शिशाची प्रत्येकी 0.01. देशागणिक हे आकडे थोडे बदलतात, म्हणून अहवालात मर्यादा कोणत्या मानकाची छापली आहे तेही पाहा.

ई. कोलाय सापडला तर त्याच क्षणापासून पाणी उकळून प्या, खळखळून एक मिनिट. नायट्रेट किंवा आर्सेनिक जास्त असेल तर मात्र उकळू नका: पाणी आटते, पदार्थ तेवढाच राहतो आणि प्रमाण वाढते. नायट्रेट जास्त असलेल्या पाण्यात सहा महिन्यांखालच्या बाळाचे दूध कालवणे तर ताबडतोब थांबवा, त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते.

स्रोत सामाईक असेल तर त्याच दिवशी शेजाऱ्यांना, पुरवठादाराला आणि आरोग्य विभागाला लेखी कळवा. कॅनडातल्या वॉकर्टन गावात मे 2000 मध्ये दूषित पाण्याचा अहवाल 17 तारखेला पाणीपुरवठा कार्यालयात आला होता. लोकांना पाणी उकळून प्या असे 21 तारखेला सांगितले गेले, तेही आरोग्य अधिकाऱ्याने. 7 माणसे गेली, 2300 च्या आसपास आजारी पडली.

विहीर किंवा टाकी क्लोरीनने धुतल्यावर लगेच तपासू नका. पाण्यातला क्लोरीन पूर्ण निघून जाऊ द्या, आठवडाभर थांबा आणि त्याच नळाचा नमुना पुन्हा द्या. अर्जावर जुन्या अहवालाचा क्रमांक घाला. पुढे खासगी विहिरीसाठी वर्षातून एकदा जंतू आणि नायट्रेट पुरे, आणि पूर येऊन गेला, पंप बदलला किंवा पाण्याचा रंग, वास, चव बदलली की वर्षाची वाट न पाहता.