पार्श्वभूमी : कानिगोची ज्योत

२३ जूनच्या रात्री, सेंट जॉन या संताच्या सणाला, स्पेनच्या ईशान्येकडल्या कातालोनियात पेटणाऱ्या होळ्यांना सरसकट ‘प्राचीन’ म्हटलं जातं. आग, मध्यरात्रीचं समुद्रस्नान, त्या रात्री खुडलेल्या औषधी वनस्पती, हिरव्या अक्रोडांची राताफिया ही दारू हे सगळं जुनं आहेच. पण आज अनेक गावांत होळी ज्या ज्योतीने पेटवतात, ती १९५५ सालची.

त्या वर्षी पिरेनीज पर्वताच्या फ्रान्सकडल्या अंगाला, आर्लेस दे तेक गावच्या एका रहिवाशाने २,७८४ मीटर उंच कानिगो शिखरावर आग पेटवली. प्रेरणा १८८६ च्या एका कातालान महाकाव्याची. हा मुलूख १६५९ च्या तहाने स्पेनकडून फ्रान्सकडे गेलेला. १९६६ साली, स्पेनमध्ये हुकूमशाही असताना, ज्योत सीमा ओलांडून विक शहरात पोहोचली. शाळा-कचेऱ्यांत कातालान भाषेला थारा नव्हता. संताच्या सणाला मात्र कोण अडवणार?

मूळ ज्योत फ्रान्समधल्या पेर्पिन्या शहरातल्या जुन्या किल्ल्यात वर्षभर तेवत असते. सणाच्या आधी लोक आपापल्या गावाहून लाकडाच्या मोळ्या पाठीवर घेऊन शिखर चढतात. २२ च्या मध्यरात्री त्या पेटतात आणि २३ ला ज्योत पायी, सायकलने, मोटारीने खाली गावोगाव जाते.

खरा गुंता आहे तो नावाचा. ज्योत नेणारे या दिवसाला ‘पाइझुस कातालान्स’चा राष्ट्रीय सण म्हणतात. शब्द एकोणिसाव्या शतकातला, पण तो गाजला १९६२ नंतर, वालेन्सियातल्या एका निबंधकारामुळे. कातालोनिया, वालेन्सिया, बालेआरिक बेटं, फ्रान्समधला कातालान मुलूख, सगळे त्यात आले. ‘पाइझुस’ हे ‘पाइस’चं अनेकवचन, आणि ‘पाइस’चा अर्थ देश, आणि मुलूखही; आपल्याकडे कोकणातला माणूस घाटावरच्या प्रदेशाला ‘देश’ म्हणतो, तसाच. भाषेचा मुलूख म्हटलं तर फारसा वाद नाही, राष्ट्र म्हटलं की वालेन्सियात अनेकांचं डोकं तापतं. तिथे स्वतःच्या प्रदेशाचं नावही तडजोडीनेच ठरलं: ‘पाइस’ नको, ‘राज्य’ नको, म्हणून १९८२ मध्ये ‘वालेन्सियन समुदाय’. खुद्द कातालोनियाचा अधिकृत राष्ट्रीय दिवस ११ सप्टेंबर आहे. हे नाव म्हणजे आपल्या प्रदेशावर दावा, ही विरोधकांची भीती मला अतिरंजित वाटते. मोळी वाहणारा माणूस नकाशे काढायला शिखरावर जात नाही.

२०१५ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या जागतिक यादीत गेले ते पिरेनीजमधल्या ६३ गावांचे अग्नि-उत्सव. बातम्यांत त्यांची आणि या ज्योतीची नेहमी गल्लत होते. त्यांपैकी इझिल गावात पाइनचे ओंडके चिरून, फटीत पाचरी ठोकून वाळवतात आणि रात्री पेटते ओंडके खांद्यावर घेऊन डोंगर उतरतात. त्याचा कानिगोशी संबंध नाही.

गोव्यात याच संताच्या सांजांवला डोक्यावर कोपेल, म्हणजे फुलापानांचा मुकुट, घालून लोक भरल्या विहिरीत उड्या मारतात. तिथे पावसाळा असतो, कातालोनियात वणव्यांचा मोसम. म्हणून १५ मार्च ते १५ ऑक्टोबर या काळात जंगलापासून ५०० मीटरच्या आत परवान्याशिवाय आग पेटवता येत नाही, आणि सणाची रात्र नेमकी त्याच काळात येते.