सर्जन स्त्री की पुरुष: गुंतागुंतीच्या नोंदींचा इतिहास

सर्जनच्या लिंगावरून शस्त्रक्रियेचा निकाल बदलतो का, हे तपासायला दोन गोष्टी लागतात: प्रत्येक रुग्णाचं पुढे काय झालं याची नोंद, आणि तुलना करता येईल इतक्या स्त्री सर्जन. विसाव्या शतकात बराच काळ दोन्हींची वानवा होती.

नोंदीचा आग्रह पहिल्यांदा धरला तो बोस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी. प्रत्येक रुग्णाचं कार्ड ठेवायचं आणि वर्षभराने त्याची पुन्हा चौकशी करायची, ही त्यांची पद्धत. १९११ ते १९१६ या काळातल्या ३३७ रुग्णांत त्यांनी स्वतःच्या रुग्णालयाच्या १२३ चुका छापून जाहीर केल्या. सहकाऱ्यांना ते रुचलं नाही.

पुढची अडचण व्याख्येची. एकाची ‘किरकोळ’ गुंतागुंत (शस्त्रक्रियेतून उद्भवलेला त्रास) दुसऱ्याला गंभीर वाटे. १९९२ मध्ये मांडलेली आणि २००४ मध्ये सुधारलेली क्लाव्हिएन-डिंडो श्रेणी त्यावर चांगला उपाय ठरली, कारण ती उपचार मोजते. तापाच्या गोळीवर भागलं तर पहिली श्रेणी, रक्त चढवावं लागलं तर दुसरी, पूर्ण भूल देऊन पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली तर ३-ब, मृत्यू झाला तर पाचवी.

मग मोठे आकडे आले. २०१७ मध्ये कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात १,०४,६३० रुग्णांचा अभ्यास झाला. रुग्णाचं वय, आजार, रुग्णालय, सर्जनचं वय आणि अनुभव जुळवून तुलना केली. ३० दिवसांत मृत्यू, पुन्हा दाखल होणं किंवा गुंतागुंत यांपैकी काही ना काही घडण्याचं प्रमाण स्त्री सर्जनच्या रुग्णांत ११.१ टक्के, पुरुष सर्जनच्या रुग्णांत ११.६ टक्के. फरक लहानच, तोही ठळक दिसला तो मृत्यूंमध्ये, नुसत्या गुंतागुंतीत नाही. २०२३ मध्ये तिथल्याच सुमारे ११.६५ लाख रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला, तेव्हा अंतर वाढलेलं दिसलं.

कारणाच्या सर्वांत जवळ नेतो तो स्वीडनचा पित्ताशयाचा अभ्यास, तोही २०२३ चाच, दीड लाखांवर रुग्णांचा. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना मोठा धोका एका क्षणात असतो: नळ्या बंद करणारी क्लिप लावण्याआधीच्या. यकृताखालच्या त्रिकोणातली चरबी आणि तंतू साफ करायचे, पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सोडवायचा, आणि पित्ताशयात फक्त दोनच नळ्या (एक पित्ताची, एक रक्तवाहिनी) शिरताना दिसल्या की मगच कापायचं. सूज असताना घाई केली, तर मुख्य पित्तनलिकाच पित्ताशयाची नळी समजून कापली जाते. पुढे पित्तगळती, कावीळ आणि मोठी दुरुस्ती. स्वीडनमध्ये स्त्री सर्जनना वेळ जास्त लागला आणि गुंतागुंत कमी झाली. नियोजित शस्त्रक्रियांत पित्तनलिकेच्या इजाही कमी. तातडीच्या शस्त्रक्रियांत इजांमध्ये ठळक फरक नव्हता, पण दुर्बीण सोडून पोट उघडण्याची वेळ पुरुष सर्जनवर जास्त वेळा आली. आमच्या मते इथे पाहायला हवं ते हाताच्या गतीकडे, आणि ती शिकवता येते.

जपानचं चित्र वेगळं आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या जठर आणि गुदाशयाच्या शस्त्रक्रियांच्या अभ्यासात स्त्री आणि पुरुष सर्जनच्या निकालांत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र स्त्री सर्जनचा अनुभव सरासरीने कमी वर्षांचा होता आणि कुपोषित, स्टेरॉइड घेणारे असे जोखमीचे रुग्ण त्यांच्याकडे जास्त होते.