व्हीलचेअर रग्बी लीग खेळाडूची कारकीर्द

व्हीलचेअर रग्बी लीग हा बंदिस्त कोर्टवर, पाच-पाच खेळाडूंच्या दोन संघांत, स्पोर्ट्स व्हीलचेअरवर बसून खेळला जाणारा खेळ आहे. त्याची सुरुवात २००४ साली फ्रान्समध्ये झाली. म्हणजे या खेळातली कारकीर्द ही गोष्टच जेमतेम दोन दशकांची. लहानपणापासून हाच खेळ खेळत मोठी झालेली पिढी आत्ता कुठे राष्ट्रीय संघांत दिसू लागली आहे.

व्हीलचेअर रग्बी आणि व्हीलचेअर रग्बी लीग यांत नेहमी गल्लत होते. पहिला खेळ १९७० च्या दशकात कॅनडातील विनिपेग येथे जन्मला. त्यात चार खेळाडू, गोल चेंडू आणि पुढे पास देण्याची मुभा असते, आणि २००० पासून त्याला पॅरालिम्पिक पदकाचा दर्जा आहे. व्हीलचेअर रग्बी लीगमध्ये चेंडू लंबगोल असतो, पास मागेच द्यावा लागतो आणि गुण रग्बी लीग या रग्बीच्या प्रकाराप्रमाणेच मिळतात: ट्रायचे (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीवर टेकवण्याचे) चार, कन्व्हर्जनचे (ट्रायनंतर गोलखांबांमधून किक मारण्याचे) दोन. लीगचा समावेश पॅरालिम्पिकमध्ये नाही. त्यामुळे या खेळाडूच्या कारकिर्दीचे शिखर म्हणजे विश्वचषक.

संघात कोणाला घेता येते, हा या खेळाचा सर्वांत वेगळा भाग. स्त्री-पुरुष एकाच संघात खेळतात. पाय गमावलेले, मज्जारज्जूला इजा झालेले, जन्मतः अपंगत्व असलेले आणि धडधाकट असे सगळे शेजारी शेजारी असतात; धडधाकट खेळाडूंच्या संख्येवर मात्र मर्यादा असते. खुर्चीला पट्ट्याने बांधून घेतले की पायांचा उपयोग कोणालाच नसतो. म्हणूनच या क्षेत्रात येण्याचे ठरावीक वय नाही. इंग्लंडचा जेम्स सिम्प्सन ब्रिटिश लष्करात होता. २००९ मध्ये अफगाणिस्तानातील स्फोटात त्याचे दोन्ही पाय गेले आणि त्यानंतर तो या खेळात आला. लीड्स ऱ्हायनोज या क्लबकडून खेळत तो पुढे राष्ट्रीय संघात पोहोचला.

नवा खेळाडू पहिले काही महिने चेंडूपेक्षा खुर्चीच शिकत असतो. खेळाच्या खुर्चीची चाके खाली फाकलेली, वर आत झुकलेली असतात, म्हणून ती जागच्या जागी वळते. मागे उलटू नये यासाठी पाठीमागे एक छोटे चाक असते. चेंडू मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी चाके रेटायची. पास द्यायचा तर हात चाकांवरून सुटतात आणि तेवढा वेळ खुर्ची आपल्याच वेगाने सरळ जाते. हा क्षण साधणे म्हणजे निम्मा खेळ. ज्याच्या धडावर ताबा कमी आहे तो मागे वळून लांब पास देऊ शकत नाही, म्हणून जवळचा सहकारी कुठे असेल हे त्याला न बघता ठाऊक असावे लागते. टॅकल, म्हणजे चेंडू घेतलेल्या खेळाडूला अडवणे, अंगाला धरून होत नाही. प्रत्येकाच्या खांद्याजवळ बाहीवर वेल्क्रोने पट्टी, म्हणजे टॅग, चिकटवलेली असते. ती ‘चर्र’ आवाज करत निघाली की टॅकल झाली. खुर्च्यांच्या धडका मात्र खऱ्याच असतात. किक पायाऐवजी मुठीच्या ठोशाने मारतात. ट्राय करताना खेळाडू वेगात असतानाच खुर्चीबाहेर झुकतो आणि चेंडू जमिनीवर दाबतो. त्या क्षणी त्याचा सगळा भार कमरेच्या पट्ट्यावर असतो.

चाळीस-चाळीस मिनिटांच्या दोन डावांची किंमत खांदे मोजतात. बोटे दोन चाकांत सापडणे, तळहात सोलवटणे हे रोजचे. त्यावर हातमोजे आणि चिकटपट्टी हा उपाय. खांद्याचे दुखणे मात्र वेगळे. धडधाकट खेळाडूचा खांदा दुखावला तर तो सामन्याला मुकतो. जो कायम व्हीलचेअर वापरतो, त्याला मात्र पलंगावरून खुर्चीत येण्यासाठीही तोच खांदा लागतो. म्हणून त्याच्या कारकिर्दीची लांबी ठरवताना उरलेल्या आयुष्याचा हिशेब आधी करावा लागतो. संघाच्या निवडीत आणि सरावाच्या आखणीत या फरकाला महत्त्व द्यायलाच हवे. मज्जारज्जूच्या इजेत इजेखालच्या भागाला घाम नीट येत नाही, त्यामुळे बंद हॉलमध्ये अंग पटकन तापते. पाणी आणि विश्रांतीचे नियोजन अशी इजा असलेल्या खेळाडूंसाठी वेगळे असते.

हे खेळाडू बहुतांशी हौशीच आहेत. नोकरी किंवा शिक्षण सांभाळून संध्याकाळी सराव, शनिवार-रविवारी सामने. मापानुसार बनवलेली खुर्ची महाग असते आणि क्लबकडची सामायिक खुर्ची कधीच अंगाला नीट बसत नाही. इंग्लंडमध्ये लीड्स ऱ्हायनोज, हॅलिफॅक्स पँथर्स, विगन वॉरियर्स, लंडन रूस्टर्स, तर फ्रान्समध्ये कॅटलन्स ड्रॅगन्स हे नावाजलेले क्लब आहेत.

पहिला विश्वचषक २००८ मध्ये सिडनीत झाला आणि इंग्लंडने तो जिंकला. २०१३ आणि २०१७ च्या अंतिम सामन्यांत फ्रान्सने इंग्लंडला हरवले. कोरोनामुळे लांबलेली २०२१ ची स्पर्धा २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये पुरुष आणि महिलांच्या विश्वचषकाबरोबरच भरली. मँचेस्टर येथील अंतिम सामन्यात अखेरच्या मिनिटांत २४–२४ अशी बरोबरी असताना कर्णधार टॉम हॅलिवेलने ट्राय केला आणि इंग्लंड २८–२४ असे जिंकले. त्या एका संध्याकाळने या खेळाडूंना ओळख दिली. तोवर त्यांचे सामने पाहणारे बहुधा घरचेच असत. वर्षातील सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा ‘गोल्डन बूट’ हा सन्मान व्हीलचेअर विभागात २०१९ मध्ये जॅक ब्राऊनला आणि २०२२ मध्ये सेबास्टियन बेशाराला मिळाला, दोघेही इंग्लंडचे.

२०२५ ची स्पर्धा फ्रान्समध्ये व्हायची होती, पण फ्रान्सने २०२३ मध्ये यजमानपद सोडले आणि ती ऑस्ट्रेलियाकडे २०२६ साठी गेली. चार वर्षांच्या अंतराने शिखर गाठू पाहणाऱ्या खेळाडूंना यामुळे आणखी एक वर्ष थांबावे लागले. तिशी-चाळिशीतल्यांसाठी, आणि ज्यांचे खांदे आधीच दुखतात त्यांच्यासाठी, ते वर्ष छोटे नव्हते.