पंच्याण्णव टक्के कशाचे?

लातूरच्या कापड दुकानदाराला दसऱ्याच्या सुमारास धंद्याचं विचारलं, की तो आडत बाजाराचं नाव घेतो. सोयाबीन आलं की गल्ला भरतो, हे त्याचं गणित. ते मांडूनच बघू.

समजा, पाच आठवड्यांत बाजार समितीत 10, 20, 30, 40 आणि 50 हजार क्विंटल सोयाबीन आलं. दुकानाची विक्री झाली 4, 5, 6, 9 आणि 11 लाख. (आकडे माझ्या मनचे, हिशेब सोपा व्हावा म्हणून.) आवक ठाऊक नसेल तर दर आठवड्याला सरासरीचाच, म्हणजे 7 लाखांचा अंदाज करावा लागेल. त्यातल्या प्रत्येक चुकीचा वर्ग करून बेरीज केली, तर येते 34. आता रिग्रेशनची रेषा ओढा, म्हणजे चुकांच्या वर्गांची बेरीज सगळ्यात कमी ठेवणारी सरळ रेषा. ती म्हणते, आवक 10 हजार क्विंटलने वाढली की विक्री 1.8 लाखांनी वाढते. तिच्या चुकांच्या वर्गांची बेरीज फक्त 1.6. म्हणजे 34 पैकी 32.4 चा हिशेब लागला, भागाकार 0.95. हाच आर-स्क्वेअर.

‘मॉडेल 95 टक्के बरोबर’ असा त्याचा अर्थ सर्रास लावला जातो. तो चूक. हे 95 टक्के गल्ल्याचे नाहीत, गल्ल्याच्या चढउताराचे आहेत. तिसऱ्या आठवड्यात रेषेने 7 लाख सांगितले, आले 6. माल भरताना दुकानदाराला हा एक लाख आर-स्क्वेअरपेक्षा जास्त कळतो. आठवडी बाजाराच्याच दिवशी परतीचा पाऊस लागून राहिला असेल, तर तेही दुकानदारच सांगेल.

आर-स्क्वेअर फुगवणं तर फारच सोपं. तक्त्यात नवा रकाना, म्हणजे आवकेसारखा आणखी एक घटक घातला की आर-स्क्वेअर वाढतो किंवा तेवढाच राहतो, कमी कधीच होत नाही. आपल्याकडे ठिपके, म्हणजे आठवडे, पाचच. दुकानदाराच्या सदऱ्याच्या बटणांसारखे कसलेही चार रकाने भरले, तरी बहुधा नेमका 1 मिळेल! म्हणून रकान्यांचा दंड वजा करणारा ‘ॲडजस्टेड’ आर-स्क्वेअर बघतात. आणि आलेख तर बघावाच. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कम यांनी 1973 मध्ये आकड्यांचे चार संच दिले. चारही ठिकाणी आर-स्क्वेअर 0.67, पण एकात ठिपके रेषेभोवती, दुसऱ्यात चक्क कमानीवर.

खरी मेख मात्र पंचांगात आहे. सोयाबीनची आवक वाढते तेव्हाच दसरा-दिवाळी येते. गल्ला नेमका कुणी भरला, हे 0.95 ला सांगता येत नाही. भाव पडलेलं वर्ष इथे उपयोगी पडतं. 2024 च्या हंगामात हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजारातला दर त्याखाली. अशा वेळी ज्याला परवडतं तो माल घरातच थप्पी लावून ठेवतो. आवक मंदावते, दिवाळी मात्र तिथीलाच येते. (खिसाही हलका होतो, म्हणून भावाचा रकाना हवाच.) अशा वर्षी आवक कमी असूनही विक्री नेहमीसारखीच चढली, तर गल्ला सोयाबीनने नाही, लक्ष्मीपूजनाने भरला होता.